कुरळे केस विरळ होताना : कोरडे की ओले, बोटं की कंगवा, मोकळे की बांधलेले?

कंगव्यात आलेला केस टाकून देण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. एका टोकाला पांढरट, बारीक गाठ दिसली तर तो मुळापासून गळलेला केस. गाठ नाही आणि लांबीही निम्मीच असेल, तर तो मधेच तुटलेला. हा फरक आधी कळायला हवा, कारण गळणं आणि तुटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. गळण्यामागे हॉर्मोन, थायरॉइड, लोहाची कमतरता, बाळंतपण, मोठा ताप, आनुवंशिकता असं काहीतरी असतं आणि तिथे कुठल्याही कंगव्याची मात्रा चालत नाही. तुटणं मात्र बरंचसं आपल्या हातात असतं. केस कमी झाले की उरलेल्या प्रत्येक केसाची लांबी मोलाची होते. म्हणून खालची सगळी तुलना मी एकाच कसोटीवर केली आहे: केस कशाने कमी ओढला जातो आणि कमी घासला जातो.

अजून एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे उगाच धसका बसणार नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक मानलं जातं. सरळ केसांच्या बायका रोज विंचरतात, त्यामुळे ते थोडे थोडे करून निघून जातात. कुरळ्या केसांत गळलेला केस बाकीच्यांत अडकून राहतो. चार दिवसांनी न्हायला बसलं की २०० ते ४०० केस एकदम हातात येतात आणि पोटात गोळा येतो. या भीतीने कितीतरी जणी गुंता सोडवायचंच टाळतात. मग अडकलेल्या केसांभोवती चांगले केसही आवळले जातात, गाठ घट्ट होते आणि शेवटी ती कात्रीनेच निघते. पुंजका पाहून घाबरायचं नाही आणि गुंता सोडवणं लांबवायचं नाही. आठवड्यातून दोनदा तरी हे काम व्हायलाच हवं.

कोरड्या केसांत तेल, की ओल्या केसांत कंडिशनर?

आपल्याकडे सगळ्यात जास्त मतभेद इथेच होतात. आजी म्हणते, ओले केस विंचरू नकोस, तुटतात. तिचं म्हणणं खोटं नाही. पाण्याने केस फुगतो, त्याच्या आतले काही बंध तात्पुरते सुटतात, तो जास्त ताणला जातो आणि मर्यादेपलीकडे ताणला की तुटतो. सरळ केसांना हा सल्ला तंतोतंत लागू पडतो. कुरळ्या केसांचं गणित वेगळं आहे. कुरळा केस आडव्या छेदात लंबगोल असतो, जागोजागी वळतो, टाळूचं तेल त्या वळणांवरून खाली उतरत नाही आणि प्रत्येक वळण हा कमकुवत बिंदू असतो. असे दोन कोरडे केस एकमेकांवरून सरकत नाहीत, अडकतात. म्हणून घट्ट कुरळे केस कोरडे असताना विंचरायला ओल्यापेक्षा जास्त जोर लागतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच दुहेरी आहे: सरळ केस थोडे सुकू द्या आणि मग विंचरा, कुरळे केस ओलसर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा.

ओल्या केसांत कंडिशनर असला, तरच हे खरं. न्हाल्यावर केसावर ऋण भार वाढतो, कंडिशनरमधले धन भाराचे घटक त्याला चिकटतात आणि केस निसरडा होतो. नुसत्या पाण्याने भिजलेल्या कुरळ्या केसांत कंगवा घालणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण केस कमजोरही असतो आणि घर्षणही कमी झालेलं नसतं.

तेलाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली, बाकी दोघांनी नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसात शिरतं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही मी या निष्कर्षाला महत्त्व देते. पण त्यात नवे केस उगवल्याचं काही नाही. तेल असलेला केस राखतं, आणि तेवढंच पुष्कळ आहे.

गुंता सोडवायला तेल आणि कंडिशनर समोरासमोर ठेवले, तर मी आठवड्याच्या नेहमीच्या कामासाठी कंडिशनर निवडेन. तेल धुऊन काढायला दोनदा शाम्पू लागतो, म्हणजे दोनदा चोळणं आलं. विरळ केस तेलकट राहिले तर टाळूला चिकटतात आणि भांग आहे त्याहून रुंद दिसतो. एखादी जट मात्र कंडिशनरला दाद देत नसेल, तर न्हाण्याआधी त्या जागी चार थेंब कोमट खोबरेल मुरवून बोटांनी मोकळी करावी. तिथे तेलाला तोड नाही. कोंड्याचा त्रास असलेल्यांनी टाळूला तेल थापू नये, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. आणि तळहातांनी गोल गोल रगडून मालीश करणं, मग ते कितीही प्रेमाने कुणी करून देवो, कुरळ्या केसांत गुंता तयार करतं. बोटांची टोकं टाळूवर ठेवून कातडी हलवावी, केस नाही.

केस लाटांसारखे, सैल वळणाचे असतील तर मधला मार्ग बरा: न्हाताना कंडिशनरमध्ये बोटं फिरवायची आणि केस निम्मे सुकल्यावर कंगवा. स्प्रिंगसारखे घट्ट असतील तर पूर्ण काम ओल्यातच उरका.

बोटं, कंगवा की लवचिक ब्रश?

बोटांना गाठ कळते, कंगव्याला कळत नाही. गाठ लागली की बोट थांबतं, दोन्ही बाजूंनी केस सैल करतं, आणि गळलेले केस अलगद वेगळे होऊन येतात. वेळ मात्र लागतो. खांद्याखाली केस असतील तर अर्धा तास सहज जातो, आणि बारीक गाठी राहूनही जातात. तरीही भांगाजवळ आणि कपाळाच्या कडेला, जिथे केस सगळ्यात नाजूक असतात, तिथे मी बोटांखेरीज काहीही सुचवणार नाही.

मोठ्या दातांचा कंगवा हा दुसरा टप्पा. तो घेताना किमतीपेक्षा कडा बघा. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याला दातांच्या मधोमध जोडाची धारदार रेघ असते, ती केस खरवडते. जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून कंगवा फिरवून बघा. धागा ओढला गेला तर केसही ओढला जाणार. कडुनिंबाचे लाकडी कंगवे छान गुळगुळीत मिळतात, पण ते कोरड्या केसांसाठी. मोरीत ओले राहिले की लाकूड फुगतं आणि बारीक कुसळं निघतात.

लवचिक दातांचे ब्रश हल्ली घरोघर दिसतात. वेगाने काम करतात हे खरं, पण दात जवळजवळ असतात, आणि गाठ कुठे आहे हे कळायच्या आत ब्रश तिच्यातून गेलेला असतो. सैल लाटांच्या केसांत, बोटांनी मोकळं केल्यानंतर, चालेल. घट्ट कुरळ्या विरळ केसांत नको. अपवाद एकच. सांधे दुखतात, बोटं आखडतात, हात फार वेळ वर धरवत नाही, अशांना ब्रशशिवाय गत्यंतर नसतं. त्यांनी कंडिशनर भरपूर घ्यावा आणि घाई करू नये.

साधन कुठलंही असो, सुरुवात टोकांकडून. बोटभर मोकळं झालं की त्याच्या वर, मग त्याच्या वर. दुसऱ्या हाताने गाठीच्या वर बट घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळापर्यंत पोचत नाही. लहानपणी पाटावर बसवून टाळूपासून खसाखसा खाली ओढलेला कंगवा आपल्यातल्या कितीतरी जणींना आठवत असेल. ती सवय मोडणं महागड्या साधनापेक्षा जास्त उपयोगी. विंचरताना कटकट आवाज आला, की थांबायचं. तो केस तुटल्याचा आवाज आहे.

पुसणं आणि सुकवणं

टर्किश टॉवेलच्या फासांत कुरळे केस अडकतात. घरातला जुना, धुऊन मऊ झालेला पंचा उत्तम. चोळू नका, दाबून पाणी टिपा.

सुकवण्याबद्दल एक गोष्ट अनेकांना पटत नाही: आपोआप सुकणं हा नेहमीच सगळ्यात सौम्य मार्ग असतो असं नाही. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केसांवर प्रयोग केला. ड्रायर १५ सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला, तेव्हा केसाचा पृष्ठभाग थोडा खराब झाला. पण केसाच्या आतल्या पेशी जोडून ठेवणाऱ्या थराची हानी दिसली ती नुसत्या सुकू दिलेल्या केसांत, कारण ते बराच वेळ पाण्याने फुगलेले राहिले. पावसाळ्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत दाट केस तासन्‌तास ओलसर राहतात, त्यांनी ड्रायरला डिफ्यूजर (झोत पसरवणारं, तोंडाला बसवायचं पसरट झाकण) लावून तो मंद उष्णतेवर वापरावा. विरळ केस मुळात लवकर सुकतात, आणि पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत तर त्यांना ड्रायरची गरजच नाही. फार गरम झोत ओल्या केसांवर कधीच नको, आतलं पाणी उकळून केसात पोकळ्या पडतात.

बटा ठसठशीत हव्यात का?

कुरळ्या केसांबद्दलचा जवळजवळ सगळा सल्ला दाट केसांसाठी लिहिलेला असतो. जाड क्रीम लावा, बटा एकत्र करा, भुरभुरणं घालवा. विरळ केसांवर हेच केलं तर दहा बटा होतात आणि त्यांच्यामधून टाळू दिसतो. इथे थोडा भुरभुरेपणा आपल्या बाजूचा असतो. बारीक बारीक बटा, मुळाशी उचललेल्या, टोकांशी थोड्या मोकळ्या: डोकं भरलेलं दिसायला हेच लागतं.

म्हणून क्रीम आणि बटर टोकांपुरतं. मुळांना उचल द्यायला फेसासारखं मूस सगळ्यात हलकं. जेल घट्ट धरतं आणि दमट हवेत टिकतं, पण सुकल्यावर जो कडक पापुद्रा होतो तो मोडताना केस घासले जातात. जेल घ्यायचंच तर थोडं घ्या, हातावर पाण्यात मिसळा, आणि पापुद्रा मोडताना हाताला थेंबभर तेल लावा. घरचं जवसाचं जेल मला मनापासून आवडतं: पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं होईपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं, गार झालं की गळत नाही. मऊ धरतं, जवळजवळ फुकट पडतं. मात्र फ्रिजमध्येही आठवड्याभरातच संपवावं लागतं, आणि भर पावसाळ्यात त्याची पकड टिकत नाही.

पार्लरमध्ये भांग रुंद झालेला बघून स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग सुचवलं, तर नाही म्हणा. रिबाँडिंगमध्ये केसाचे पक्के बंध रसायनाने तोडून पुन्हा जोडले जातात, केस कमजोर होतो, आणि सरळ झालेले विरळ केस टाळूवर सपाट बसतात. वळण हीच तुमच्याकडची घनता आहे.

मोकळे की बांधलेले?

घट्ट बांधण्याने केस जातात, हे वैद्यकात १९०७ पासून नोंदलेलं आहे. ती पहिली नोंद ग्रीनलंडमधल्या, केस मागे आवळून बांधणाऱ्या स्त्रियांची. कपाळाची कड आणि कानशिलं आधी विरळ होतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळंच बुजतात. बांधल्यावर डोकं ठणकत असेल, मुळाशी पुळ्या येत असतील, तर ते घट्ट आहे. यात वेगळं मत असूच शकत नाही.

पण नर्स, पोलीस, शाळेत जाणाऱ्या मुली, नृत्य शिकणाऱ्या मुली मोकळे केस ठेवू शकत नाहीत, आणि मोकळे केस लोकलच्या गर्दीत गुंततातही. त्यांच्यासाठी मानेजवळचा सैल अंबाडा, यू आकाराच्या आकड्यांनी अडकवलेला, हा मला सगळ्यात योग्य वाटतो. वजन वाटलं जातं आणि रबर लागत नाही. क्लचर सैल लाटांच्या केसांना चांगला, घट्ट कुरळ्यांत त्याचे दात अडकतात आणि काढताना केस घेऊन येतात. पोनी बांधायचीच तर कापडी स्क्रंचीने, खाली, आणि जागा बदलत. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून घराबाहेर पडणं बंद करा. लग्नसमारंभात जड खोपा आणि गंगावन एका संध्याकाळीपुरतं असेल तर हरकत नाही, घरी आल्याबरोबर सोडा.

भांग रोज त्याच रेषेत पाडू नका. केस ओले असताना बोटांनी नागमोडी पाडला तर टाळूची सरळ रेघ दिसत नाही. कंगव्याच्या टोकदार शेपटीने पाडलेला भांग विरळपणा अधोरेखित करतो.

डॉक्टरांकडे कधी

मोठ्या तापानंतर, डेंग्यूनंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस गळू लागले, तर ते बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतं. गोल चाई पडली, टाळूला आग किंवा वेदना होते, कातडी गुळगुळीत चकाकते, किंवा भांग सहा महिन्यांत स्पष्ट रुंदावला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते लोह, थायरॉइड तपासतील. मिनॉक्सिडिल (केस वाढवण्यासाठी टाळूला लावायचं औषध) दिलं तर पहिल्या काही आठवड्यांत गळणं वाढू शकतं, त्यामुळे औषध मधेच सोडू नका. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर तसं आधी सांगा, तेव्हा ते वापरत नाहीत. मिनॉक्सिडिल स्वच्छ, कोरड्या टाळूला लावायचं असतं, म्हणून मूस किंवा जेल आधी लावू नका. रात्री झोपण्याच्या दोनेक तास आधी औषध लावून सुकू द्यायचं आणि सकाळी केस हलके ओलसर करून बटा बसवायच्या, असा क्रम ठेवला तर दोन्ही जमतं.