लॅब्राडॉरचं पिल्लू, आठ महिन्यांनंतर: तक्रार एकच, जिना

ब्रीडरबाईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा पिल्लं राहिली बाजूला, आमचीच मुलाखत झाली. दिवसभर घरी कोण असतं? फरशी घसरडी आहे का? जिना किती पायऱ्यांचा? दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, दुसरा मजला, ३४ पायऱ्या, लाकडी आणि उभ्या. "मग कडेवर न्यायची तयारी ठेवा," म्हणाल्या. मी हसलो. मोती तेव्हा सहा किलोचा होता.

आता २८ किलोचा आहे. दिवसातून तीनदा खाली, तीनदा वर. वळणावर त्याची शेपटी मीटरच्या पेटीवर धाडधाड आपटते आणि तो माझा कान चाटतो. शेजारचे काका रोज विचारतात, "आज कोण कोणाला फिरवतंय?"

दुसरीकडे निम्म्या पैशांत ३५ दिवसांचं पिल्लू लगेच मिळत होतं. इथे आठ आठवडे भरेपर्यंत हातात देणार नाहीत. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या सरकारी नियमांतही तेच आहे म्हणा. वर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवले. त्यांचा खर्च आपल्याच माथी मारलाय, असं वाटलं. मारलाच आहे.

पण गेल्या महिन्यात मोती एका सकाळी पुढचा पाय उचलूनच उठला आणि माझं मत बदललं. एक्स-रेमध्ये खुबे, कोपरं स्वच्छ. पॅनॉस्टायटिस निघाला, म्हणजे वाढत्या वयातलं हाडांचं दुखणं; आज या पायात, उद्या त्या पायात, आणि आपोआप जातं. रात्री दहाला ब्रीडरबाईंना फोन केला. पहिला प्रश्न, "कॅल्शियम कोण देतंय?" आई पंधरा दिवस दुधातून सिरप देत होती! मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं चालू असताना वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ उलट बिघडते म्हणे. बाटली बंद. आई अजून रुसलेली आहे.

लंगडणं थांबल्यावर डॉक्टरांना जिन्याचं विचारलं. म्हणाले, "कटाक्षाने टाळायचा तो पहिले तीन महिने. आता पट्टा धरून, सावकाश, चालेल की." म्हणजे इतके महिने मी उगाच हमाली केली!

त्याच संध्याकाळी मोतीला खाली उभा केला, पट्टा धरला, वर बिस्कीट दाखवलं. तो पहिल्या पायरीशी बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. पंधरा दिवस झाले, अजून तिथेच बसतो.