आईला जमेल असा रिमोट : पुण्याच्या तपकीर गल्लीतला साडेतीनशेचा लर्निंग रिमोट, सहा महिने वापरून

आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे रिव्ह्यू तुमच्या कामाचा आहे का नाही ते कळेल. आईबाबा कोथरूडला, मी बाणेरला. त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही, सेट टॉप बॉक्स, फायर स्टिक आणि २०११ साली मी बोनस मिळाला म्हणून हौसेने घेतलेला होम थिएटरचा रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा), पाच स्पीकर आणि एक वूफर. म्हणजे चार रिमोट. चारही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलेले, आणि आईने त्यातल्या आपल्या कामाच्या बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेले. ठिपके असूनही आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सातला फोन यायचाच, "अरे चित्र दिसतंय पण आवाज नाही", नाहीतर उलटं. आणि मी मीटिंगमध्ये म्यूट करून, "आई, काळा रिमोट, नाही तो नाही, लांबडा काळा".

रिसीव्हर काढून टाका असं म्हणणारे असतील, पण बाबा रोज सकाळी त्यावर सीडी लावून गाणं ऐकतात, त्यामुळे तो विषय बंद.

तर एकच सोपा रिमोट हवा म्हणून शोधायला लागलो आणि वर्षभरात चार प्रकार करून झाले. पहिला ऑनलाइन मागवला, युनिव्हर्सल म्हणून, कोडवाला. म्हणजे पुस्तिकेत कंपनीच्या नावापुढे आकडे दिलेले असतात, ते टाकत बसायचं, लागला कोड तर लागला. नाहीतर ऑटो सर्च, बटण दाबून धरायचं आणि टीव्ही बंद होतो का बघत बसायचं. पुस्तिकेतली अक्षरं एवढी बारीक की मी मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचली. टीव्ही लागला, बॉक्सची निम्मी बटणं लागली, रिसीव्हर अजिबात नाही. आणि बटणं किती, तर पन्नासच्या वर. आईने हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि टीपॉयवर ठेवून दिला. काही बोलली नाही पण मला कळलं.

मग मोबाइल. बाबांच्या रेडमीला वरच्या बाजूला आयआर ब्लास्टर आहे, म्हणजे रिमोटसारखाच न दिसणारा उजेड (इन्फ्रारेड) सोडणारा दिवा, आणि 'Mi रिमोट' नावाचं अ‍ॅप आहे, खरंच छान चालतं, सगळी यंत्रं त्यात बसली. अडचण अशी की संध्याकाळी साडेसहाला बाबा थोरात उद्यानात कट्ट्यावर जातात आणि मोबाइल खिशात. म्हणजे ऐन सिरियलच्या वेळेला घरातला रिमोट बागेत. दोन दिवसात तो प्रयोग संपला.

तिसरा जरा महागातला घेतला, तोही ऑनलाइन, मॅक्रोवाला. एक बटण दाबलं की तो ओळीने टीव्ही चालू, रिसीव्हर चालू, इनपुट बदल असे सिग्नल सोडतो. मला वाटलं झालं काम, शनिवारी दुपारभर बसून सेट केला, चारदा करून दाखवला, चारही वेळा बरोबर. रविवारी फोन. टीव्ही बंद करायला गेलं की रिसीव्हर चालू होतो. दोन दिवसांनी परत फोन, टीव्ही लागला पण बाकी काही नाही.

इथे जरा थांबून आत काय होतं ते सांगतो, कारण रिमोट घेताना हेच कोणी सांगत नाही. आयआर रिमोट एकतर्फी बोलतो. समोरचं यंत्र चालू आहे का बंद, त्याला काही पत्ता नसतो. आणि बहुतेक रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं, बॉलपेनच्या मागच्या खटक्यासारखं, दाबलं की बाहेर, परत दाबलं की आत. आता बाबांनी सकाळी सीडी ऐकून रिसीव्हर चालूच ठेवला असेल, तर आई संध्याकाळी 'सगळं चालू' दाबणार आणि टीव्ही चालू होणार, रिसीव्हर बंद होणार. परत दाबलं तर टीव्ही बंद, रिसीव्हर चालू. कितीही वेळा दाबा, दोघं एका वेळी चालू व्हायचे नाहीत. दुसरी गोष्ट, सिग्नल ओळीने जायला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढा वेळ रिमोट समोर धरून ठेवायला लागतो. आई बटण दाबते आणि लगेच रिमोट खाली ठेवते, जसं आपण सगळेच करतो. पहिला सिग्नल टीव्हीला, बाकीचे सोफ्याच्या उशीला.

लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटने यावर चांगला तोडगा काढला होता. कुठलं यंत्र चालू कुठलं बंद हे तो स्वतः लक्षात ठेवायचा, आणि गडबड झाली तर हेल्प नावाचं बटण, ते दाबलं की एकेक विचारायचा, टीव्ही लागला का, आवाज आला का, आणि त्याप्रमाणे दुरुस्त करायचा. औंधच्या एका मित्राकडे आहे, मला फार आवडायचा. पण एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने हार्मनी बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता कुठे जुना माल मिळाला तरी आईबाबांच्या घरी तो नेऊन ठेवायची माझी हिंमत नाही. त्या वर्गातलं आता सोफाबॅटन वगैरे आहे, ज्यांना स्वतःला खेळायची हौस आहे त्यांनी जरूर बघावं. मला हौस आहे, आईला नाही.

तर तिसराही फेल झाल्यावर आईनेच मला सांगितलं, "एका बटणात सगळं नको रे, काय बिघडलं तेच कळत नाही. कुठलं बटण काय करतं ते कळलं की मी दोन बटणं दाबीन की." मी एवढे महिने बटणं कमी करायच्या मागे होतो आणि तिला हवं होतं की एक बटण दरवेळी तेच काम करेल. हे आधी विचारलं असतं तर दोन रिमोटचे पैसे वाचले असते.

मग एका शनिवारी मेट्रोने मंडईला उतरून चालत तपकीर गल्लीत गेलो. गाडी नेऊ नका, बुधवार पेठेत पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात खरेदी होते. गल्लीत रिमोटची दुकानं आहेत, म्हणजे दुकान कसलं, काउंटर, मागे भिंतभर रिमोट टांगलेले, एसीचे, टीव्हीचे, डीव्हीडीचे, बंद पडलेल्या कंपन्यांचे सुद्धा. मी त्यांना 'युनिव्हर्सल' म्हटल्यावर काकांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वापरणार कोण?" आई म्हटल्यावर मागचे सगळे सोडून खालच्या ड्रॉवरमधून एक काढला. लर्निंग रिमोट. बारा बटणं, चांगली मोठी, रबराची, एकमेकांपासून सुटी. कोडबिड काही नाही, जुन्या रिमोटकडून एकेक बटण शिकवायचं.

त्यांची चेक करायची पद्धत बघण्यासारखी. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू केला, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं, स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला. आयआर उजेड डोळ्याला दिसत नाही पण बऱ्याच कॅमेऱ्यांना दिसतो. घरी रिमोट बंद पडला की हे करून बघा, सेल गेलेत का टीव्ही बिघडलाय ते दहा सेकंदात कळतं. मग मी विचारलं, सेल बदलले की शिकवलेलं पुसलं जातं का? काकांनी त्यांच्याच एका रिमोटचं बटण त्याला शिकवलं, सेल काढले, बाजूच्या गिऱ्हाइकाला एसीचा रिमोट दिला, पैसे घेतले, सुट्टे दिले, आणि मग सेल घालून दाखवलं, आहे तसंच. किंमत ३५०, घासाघीस केली तर नुसते हसले. सेल वेगळे. वॉरंटी नाही पण आठ दिवसात बदलून देतो म्हणाले, तशी वेळ आली नाही.

शिकवायला घरी साधारण अर्धा तास लागला. सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, मग नवीन रिमोटवरचं जे बटण शिकवायचंय ते दाबायचं, मग जुना रिमोट नाकासमोर नाक ठेवून, दोघांत दोन-तीन सेंटीमीटर अंतर, त्याचं बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की शिकला. खिडकीतलं ऊन पडत असेल तर चुकीचं शिकतो, मी सरळ डायनिंग टेबलाच्या खाली जाऊन बसलो. जुन्या रिमोटचे सेल ताजे हवेत, हेही.

आता नशिबाची गोष्ट म्हणजे आमच्या रिसीव्हरच्या रिमोटवर चालू आणि स्टँडबाय अशी दोन वेगळी बटणं आहेत, इतकी वर्षं माझं लक्षच नव्हतं. तुमच्याकडे असतील तर सोनं समजा. चालू म्हणजे चालूच, दहा वेळा दाबलं तरी बंद होत नाही. तर वर डावीकडे टीव्हीचा पॉवर, वर उजवीकडे रिसीव्हर चालू, सगळ्यात खाली लाल बटण रिसीव्हर बंद. मधे आवाजाची दोन बटणं रिसीव्हरची आणि चॅनेलची दोन बॉक्सची. बॉक्सचा पॉवर शिकवलाच नाही, कारण बाबा रात्री झोपताना बोर्डावरून सगळं बंद करतात आणि सकाळी बोर्ड लावला की आमचा बॉक्स आपोआप चालू होतो. इतकी वर्षं मी त्यांना सांगायचो असं खटकन बंद करू नका म्हणून.

आईने नेलपॉलिश काढलीच, पण या वेळी फक्त दोन ठिपके. "आधी हे, मग हे." सातचे फोन थांबले. अगदी थांबले नाहीत, पण आता ती दुसरं काहीतरी विचारायला करते.

तक्रारी आहेतच. बटणांखाली लाइट नाही. पॉवरच्या बटणावर काही छापलेलं नाही, सगळी चिन्हं अंदाजाने. आणि उरलेल्या बटणांवर बॉक्सचे काही आकडे शिकवले तेव्हा एक गंमत झाली, एकच आकडा लागोपाठ दोनदा दाबला की दुसरा घेतच नाही, ११ दाबलं की १. रात्री शोधत बसलो तेव्हा कळलं की काही यंत्रांच्या सिग्नलमध्ये दरवेळी उलटणारा एक बिट (शून्य किंवा एकची खूण) असतो, नवीन दाबलंय का तेच बटण धरून ठेवलंय हे ओळखायला, आणि लर्निंग रिमोट बिचारा शिकलेलं तेच ते घोकतो, त्यामुळे बॉक्सला वाटतं की बोट अजून उचललेलंच नाही. आकडे काढून टाकले, चॅनेल वरखालीवरच भागवलं. तिचे चॅनेल चारच आहेत, फेव्हरिटमध्ये टाकले.

फायर स्टिक यात येत नाही. तिचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, आयआरवाला कुठलाही रिमोट तिला थेट चालत नाही, दुकानदार काही म्हणो. पण त्या रिमोटचं आवाजाचं बटण आयआरवर जातं आणि स्टिकच्या सेटिंगमध्ये ते रिसीव्हरला जोडता येतं, ते करून बाबांना दिला. मॅच बघताना त्यांचा तो, सिरियलला आईचा हा. मॅचनंतर परत बॉक्सवर यायला मात्र सोर्सचं बटण दोनदा दाबावं लागतं आणि तेवढ्यावरून अजून घरात बोलणं होतं.

आणि एक, तुमच्याकडे जुना रिसीव्हर नसेल, नुसता टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार असेल तर काही विकत घ्यायला धावू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी बघा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिमलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, मूळ गोष्ट एकच, एचडीएमआयच्या वायरमधूनच यंत्रं एकमेकांना चालू-बंद सांगतात. साउंडबार एआरसी लिहिलेल्या पोर्टला लावा, टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होईल. ऑप्टिकल वायर असेल तर हे होत नाही, त्यातून फक्त आवाज जातो, आमचं नेमकं तेच होतं. आणि बऱ्याच सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीची दोन-चार बटणं शिकवायची सोय आधीच असते, ती कोणी वापरत नाही.

तपकीर गल्लीत जाणार असाल तर घरातले सगळे रिमोट पिशवीत घालून न्या, सेलसकट. मी त्या शनिवारी नुसते मॉडेल नंबरचे फोटो घेऊन गेलो होतो, काकांनी बघितले, फोन परत दिला आणि म्हणाले, "फोटो काय सिग्नल सोडणारे का?"