ब्रेक पॅड बदलून नऊ महिने झाले: कुंभार्ली घाटातला अनुभव

नोकरी चिपळूणला, घर कराडला. शनिवारी दुपारी कुंभार्ली चढायचा आणि सोमवारी पहाटे उतरायचा, हे गेली चार वर्षं चाललंय. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, ब्रेक पुढे डिस्कचे (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात), मागे ड्रमचे. गेल्या ऑक्टोबरात ५२ हजार किलोमीटरला पुढचे पॅड आणि दोन्ही डिस्क बदलल्या. त्यानंतर गाडी साडेनऊ हजार पळाली. नवे पॅड कसे आहेत ते सांगतोच, पण जुने संपले होते हे मला वेळेवर का कळलं नाही, ते आधी सांगतो.

सुरुवात ऑगस्टात झाली. कोकणात पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला खरखरतेच. डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, दोन-चार ब्रेक मारले की तो पुसला जातो. म्हणून ब्रेकमधून कुठलाही आवाज आला की पावसाच्या नावावर टाकायची सवय लागली होती. पुढे त्यात एक बारीक चिरका आवाज मिसळला. हलका ब्रेक लावला की यायचा, जोरात दाबला की गायब. तो दिवसभर येत होता, कोरड्या रस्त्यावरही. तिथेच ओळखायला हवं होतं. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून ओरडते. ती ओरडण्यासाठीच बसवलेली असते आणि मी गाण्याचा आवाज वाढवत होतो.

दुसरी चूक जास्त शहाणपणाची होती. ब्रेक ऑइलची टाकी मॅक्सच्या खाली, मिनच्या जवळ आलेली दिसली, म्हणून मी स्वतःच बाटली आणून वर भरून टाकली. पॅड झिजला की कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातला, पिस्टन तेवढा पुढे सरकतो, त्यामागची जागा भरायला ऑइल टाकीतून खाली जातं. गळती नसताना पातळी हळूहळू उतरत असेल तर ती पॅडचीच खबर असते. मी ती खबर पुसून टाकली, आणि पातळी फार उतरल्यावर डॅशबोर्डवर लागणारा लाल दिवाही लांबवला. पुढे नवे पॅड बसवायला मिस्त्रींनी पिस्टन मागे दाबले, तेव्हा तेच जास्तीचं ऑइल टाकीतून उसळून बाहेर आलं. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यांनी लगेच पाणी मारलं म्हणून बोनेटखालचा रंग वाचला. बोलणी मात्र खाल्ली.

तिसरी गोष्ट पेडलची. सोबत आलेल्या मेहुण्याने एका सोमवारी घाटात गाडी हातात घेतली आणि दुसऱ्याच वळणावर म्हणाला, "दाजी, ब्रेक पार खाली घावतोय की!" मी म्हटलं, तुला या गाडीची सवय नाही. पेडल रोज केसभर खाली गेलं तर रोज चालवणाऱ्याचा पाय मुकाट्याने तेवढा खाली जातो. घाट उतरून पायथ्याच्या पोफळीला थांबलो तर पुढच्या डाव्या चाकाशी जळका वास, हात जवळ नेववत नव्हता. उजवं चाक त्या मानाने कोमट. दोन चाकांतला हा फरक बघून मात्र पोटात गोळा आला.

गंमत अशी की चाकाच्या फटीतून मोबाइलची बॅटरी मारून मी पॅड बघितला होता आणि चांगला चार मिलीमीटर शिल्लक दिसला होता. फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा पॅड. चाक खोलल्यावर आतला निघाला जेमतेम एक मिलीमीटर. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या होत्या, त्यामुळे आतला एकटाच घासत राहिला. तीन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसच्या कागदावर 'ब्रेक साफ, ओके' असं लिहिलेलं आहे, आणि त्याचे पैसेही दिलेत. चाक उतरवलं होतं का हे मी विचारलं नव्हतं. आता चाक उतरवतात तेव्हा शेजारी उभा राहतो आणि आतला पॅड दाखवा म्हणतो.

पेडल खाली जाण्याचं कारण वेगळंच निघालं. पुढचे पॅड झिजले तरी पिस्टन ती जागा भरून काढतो, पेडलला फारसं कळत नाही. दोष मागच्या ड्रममध्ये होता: लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) झिजलेले, झीज भरून काढणारा अॅडजस्टर जाम. हँडब्रेक पाच टिकटिकींवर धरायचा तो नऊवर गेला होता, आणि मी फक्त जास्त ओढत होतो.

डिस्क लेथवर घासून सपाट करून चालतील का, असं विचारलं. मिस्त्रींनी डिस्कवर कोरलेली किमान जाडी दाखवली, आमची डिस्क जवळपास तिथेच पोचली होती. मग दोन डिस्क, मूळ कंपनीचे पॅड, मागचे लायनर, पिनांना ब्रेकचं खास ग्रीस आणि ऑइल पूर्ण बदलून डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा), मजुरीसकट साडेनऊ हजारांच्या आसपास गेले. चिरका आवाज ऐकून थांबलो असतो तर कदाचित डिस्क वाचल्या असत्या.

आता नवे पॅड. पहिले तीनशे किलोमीटर मनासारखा ब्रेक लागत नव्हता, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसेपर्यंत तसं होतंच. तो आठवडा मी घाट टाळून एसटीने गेलो. नंतर पेडल वरच धरायला लागलं, गाडी सरळ थांबते. तक्रार एकच, पुढच्या चाकांवर काळी भुकटी बसते, दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते. दहा मिलीमीटरचे पॅड आज आठच्या थोडे खाली आहेत, आत आणि बाहेर जवळपास सारखे. यात उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी सोडायची सवय लावल्याचा वाटा मोठा असावा.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलणार, गाडी कितीही कमी चालो. ते हवेतली ओल शोषतं, आणि चिपळूणच्या हवेत ओलीला तोटा नाही. डॉट ४ साठी ठरवलेला किमान उकळबिंदू कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, ओल मुरल्यावर १५५. लांब उतारावर ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून जमिनीला टेकतं.

परवा सकाळी पुन्हा खरखर आली. गल्लीच्या टोकापर्यंत थांबली, म्हणजे गंज. हँडब्रेक सध्या सहाव्या टिकटिकीला धरतोय, त्यामुळे दिवाळीआधी मागचे ड्रम एकदा उघडून बघणार आहे.