वेल्श माणसाला स्क्रँटन बरं की पॅटागोनिया?

१८६५ च्या सुमाराला वेल्स सोडायचं ठरवलं तर सोपा रस्ता अमेरिकेचा होता, पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनला कोळशाच्या खाणी, वेल्श खाणकामगारांना मागणी, पगार लगेच सुरू, चॅपलसुद्धा आपलंच. पण पोरं इंग्लिशमध्ये शिकली की घरातली वेल्श सुटत जायची, मायकेल डी. जोन्स या वेल्श धर्मोपदेशकानं हेच ओहायोत स्वतः बघितलं होतं म्हणून त्यानं वेगळ्या वसाहतीचा ध्यासच घेतला.

ही वसाहत झाली पॅटागोनियात, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण भागात, आणि तिकडं मात्र सुरुवातीला नुसते हाल. मिमोसा जहाजातून साधारण दीडशे माणसं २८ जुलैला उतरली, ऐन थंडीत (तिकडं जुलैत हिवाळा), आसपास गोड पाणी नाही, चुबुत नदीचं खोरं गाठायला कोरडं माळरान तुडवायचं आणि त्यात शेतीतलं कळणारे थोडेच. तिथल्या मूळच्या तेहुएल्चे लोकांनी शिकार शिकवली, पावाच्या बदल्यात मांस दिलं म्हणून तगले बिचारे. मग १८६७ मध्ये आरन आणि रेचल जेंकिन्स या जोडप्यानं चर खणून नदीचं पाणी शेतात घेतलं, गहू तरारून आला आणि बघता बघता बाकीच्यांनीही पाट काढले.

निव्वळ पोटापाण्याचं बघितलं तर स्क्रँटनच बरं, खाणीतला जिवाचा धोका धरूनही. तरी मला चुबुतवालेच जास्त भावतात, तिथल्या गायमन गावात आजही वेल्श बोलतात हो!