बेबलडी आठ महिने वापरल्यावर: चांगला आहे, पण स्वतःहून काही बोलत नाही

आधीच सांगतो, हा डब्यात येणाऱ्या वस्तूचा रिव्ह्यू नाहीये, फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रामचा आहे. बेबलडी म्हणजे वायरलेस मेशमध्ये (एकमेकांना रेडिओने जोडलेल्या राउटरांच्या जाळ्यात) डेटाचं कुठलं पॅकेट कुठल्या शेजाऱ्याकडे ढकलायचं हे ठरवणारा राउटिंग डीमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम. त्याला स्क्रीन नाही, बटण नाही, चालू आहे की मेलाय हेसुद्धा विचारल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे सात नोड (राउटर) आहेत, सगळे ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सवर, चार छतांवर, दोन जिन्यात आणि एक मागच्या शेडमध्ये, आणि बाहेरचं इंटरनेट दोन ठिकाणी येतं. आठ महिने झाले, आता बोलायला हरकत नाही.

याआधी ओएलएसआरडी होता, याच कामाचा जुना डीमन. त्याला नावं ठेवणार नाही, जर्मनीतल्या फ्रायफुंक आणि व्हिएन्नाच्या फुंकफॉयर सारख्या लोकांच्या नेटवर्कनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काढलीत आणि त्याचा मूळ आरएफसी, म्हणजे प्रोटोकॉलचे नियम लिहिलेला कागद, २००३ चा, ३६२६. पण त्याची कॉन्फिग फाइल म्हणजे टायमरचं जंगल, हॅलो (शेजाऱ्यांना "मी आहे" अशी हाक) किती सेकंदांनी, टीसी (कोण कुणाला जोडलंय ते कळवणारा निरोप) किती सेकंदांनी, प्रत्येकाची व्हॅलिडिटी किती, आणि मी हौसेने प्रत्येक नोडवर वेगळे आकडे घालून ठेवले होते, मग कुठे काय आहे ते माझं मलाच आठवेना. शिवाय आयपीव्ही४ ला एक ओएलएसआरडी आणि आयपीव्ही६ ला दुसरा असे दोन पोसायचे. बेबलडी दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये करतो, खरं तर मी वळलो ते एवढ्यासाठीच.

बेबल हा प्रोटोकॉल पॅरिसच्या युलियुश क्रोबोचेक यांचा, पहिला आरएफसी २०११ चा (६१२६), आणि जानेवारी २०२१ ला ८९६६ म्हणून रीतसर स्टँडर्ड झाला. जातीने डिस्टन्स व्हेक्टर (शेजाऱ्यांनी सांगितलेल्या अंतरांवरून रस्ता ठरवणारा), म्हणजे आरआयपी या जुन्या राउटिंग प्रोटोकॉलच्या घराण्यातला. आरआयपीची खोड ज्यांना माहितीये ते इथे नाक मुरडतील, एक लिंक तुटली की दोन राउटर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात, "याच्याकडून जा", "नाही, त्याच्याकडून जा", आणि अंतराचा आकडा सोळापर्यंत, म्हणजे आरआयपीच्या अनंतापर्यंत, चढेस्तोवर पॅकेटं गोल गोल फिरतात. बेबलमध्ये एक साधी अट आहे, आपण त्या ठिकाणासाठी आजवर जाहीर केलेल्या सगळ्यात चांगल्या अंतरापेक्षा शेजाऱ्याचं अंतर कमी असेल तरच त्याचा रूट (रस्ता) घ्यायचा. थोडक्यात शेजारी माझाच रस्ता मलाच फिरवून विकत नाहीये ना, एवढं आधी बघायचं. मी मुद्दाम मधल्या नोडची वायर काढून बघितली, दोन-तीन हॅलो चुकले आणि ट्रॅफिक दुसऱ्या छतावरून जायला लागलं, मधे लूप नाही काही नाही.

आता सेटिंग. ऐकायला फार सोपं, प्रत्येक इंटरफेससाठी एक ओळ आणि तो वायरलेस आहे की वायर्ड ते सांगायचं, बास. पण ओपनडब्ल्यूआरटीच्या तयार फाइलमध्ये इंटरफेसचा जो नमुना येतो त्यात "इग्नोर ट्रू" अशी एक ओळ असते आणि ती काढली नाही तर तो अख्खा भाग नसल्यासारखाच. मी इंटरफेसचं नाव बदललं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, प्रोसेस चालू, एरर नाही, आणि शेजारी शून्य. अर्धा तास फायरवॉल चाळत बसलो. फायरवॉल चाळायला हवीच होती म्हणा, कारण बेबलचं सगळं बोलणं आयपीव्ही६ च्या लिंक-लोकल (फक्त त्याच लिंकवर चालणाऱ्या) पत्त्यांवरून, यूडीपी पोर्ट ६६९६ वर होतं, तुम्हाला फक्त आयपीव्ही४ चे रूट हवे असले तरीही. त्यामुळे "आपल्याला आयपीव्ही६ लागत नाही" म्हणून ते बंद करून ठेवणारी जी मंडळी आहेत त्यांचा बेबलडी जन्मात बोलणार नाही, आणि का बोलत नाही तेही सांगणार नाही.

दुसरा खड्डा ८०२.११एस वाल्यांसाठी. वायफायचा तो मेश मोड स्वतःचं फॉरवर्डिंग स्वतः करतो, ते बंद केलं नाही तर खाली एक राउटिंग आणि वर बेबलडीचं दुसरं. माझ्या शेडमधल्या नोडला छतावरचे सगळे नोड थेट शेजारी दिसायला लागले, मी खूश, म्हणलं अँटेना काय भारी बसलीये! मग लक्षात आलं की मधे पत्रा आणि दोन भिंती आहेत, हे शक्यच नाही. मेश फॉरवर्डिंग शून्य केलं तेव्हा खरे शेजारी उरले दोन.

शेजारी दिसले म्हणजे झालं असं वाटतं, तसं नसतं. मुळात बेबलडी फक्त नोडचे स्वतःचे पत्ते जाहीर करतो. म्हणजे लांबचा राउटर पिंग होतो पण त्याच्या मागे लावलेला लॅपटॉप होत नाही, आणि इंटरनेट तर नाहीच. मागचं सबनेट (त्या लॅपटॉपचं नेटवर्क) आणि डिफॉल्ट रूट (इंटरनेटकडे जाणारा) द्यायचा तर रीडिस्ट्रिब्यूटच्या, म्हणजे "हेही पुढे जाहीर कर" अशा, ओळी लिहाव्या लागतात, आणि मॅन्युअलचं हेच पान चहा घेऊन सावकाश वाचायचं आहे. डिफॉल्ट रूटसाठी शून्य-स्लॅश-शून्य लिहिलं की त्यापुढे "एलई ०" पण लिहायचं. नाही लिहिलं तर "शून्य-स्लॅश-शून्यच्या पोटात बसणारं सगळं" असा अर्थ होतो, आणि त्याच्या पोटात अख्खं आयपीव्ही४ बसतं. मी विसरलो होतो, मग गेटवेवर (जिथे इंटरनेट आत येतं तो नोड) कधीकाळी टेस्टिंगला बनवलेल्या व्हीपीएनचे रूट सातही नोडवर जाऊन बसले.

त्याहून बेरकी गोष्ट म्हणजे कमांड लाइनवर हाताने टाकलेला रूट. लिनक्स त्याच्यावर "बूट" प्रोटोकॉलचा शिक्का मारतो आणि फिल्टरमध्ये, म्हणजे त्या रीडिस्ट्रिब्यूटच्या ओळीत, प्रोटोकॉल सांगितला नसेल तर बेबलडी बूटवाले रूट सोडून देतो. रूट टेबलात डोळ्यांना दिसतोय, फिल्टर बरोबर आहे, आणि पलीकडे काहीच पोचत नाही. रूट टाकतानाच "प्रोटो स्टॅटिक" लिहिलं की प्रश्न मिटतो. हे कळायला मला एक रविवार लागला. फिल्टर वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की थांबतात, सगळ्यात शेवटी "रीडिस्ट्रिब्यूट लोकल डिनाय" टाकून ठेवा म्हणजे नको ते पत्ते बाहेर जाणार नाहीत, बाकी या विषयावर अजून बोलत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दोन छतांमध्ये माझी एक लांबची लिंक आहे, ती राउटरच्या आतल्या रेडिओवर नाही, बाहेर खांबावर लावलेले वेगळे रेडिओ आहेत, ते ब्रिज मोडमध्ये (आलेलं तसंच पलीकडे देणारे), आणि खाली राउटरला नेटवर्कच्या केबलने जोडलेले. बेबलडीच्या नजरेला ती काय दिसणार? केबल. तो बिचारा कार्ड बघून ठरवतो. आणि वायर्ड समजलं की तीन गोष्टी होतात. एक म्हणजे लिंकचा खर्च (जितका कमी तितका रस्ता चांगला) ९६ धरतो, वायरलेसची सुरुवात २५६ पासून, म्हणजे वायर्डच्या दोन उड्या १९२ ला पडतात आणि वायरलेसच्या एका उडीपेक्षा स्वस्त ठरतात. दुसरं, लिंकची क्वालिटी मोजतच नाही, शेवटच्या तीनपैकी दोन हॅलो आले की लिंक ठणठणीत. तिसरं, स्प्लिट होरायझन चालू होतं, म्हणजे ज्या इंटरफेसवरून रूट आला त्यावर परत सांगायचा नाही. केबलवर हे शहाणपणाचं आहे, पण हवेत ज्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही त्यांच्यामध्ये बसलेल्या नोडने एकाचा रूट दुसऱ्याला त्याच रेडिओवरून सांगायलाच हवा.

पहिले चार महिने काही जाणवलं नाही कारण लिंक चांगली होती. मग पाऊस सुरू झाला आणि खांब थोडा वळला. लोकांच्या तक्रारी अशा की "नेट आहे पण चालत नाही", व्हिडिओ कॉलला आवाज तुटतो, पेज निम्मं उघडतं. मी रूट बघतोय तर सगळं ट्रॅफिक त्याच खांबावरून, शेजारी दुसरा चांगला मार्ग रिकामा पडलाय, आणि बेबलडीच्या मते खर्च ९६, नव्वद आणि सहा, दहापैकी तीन पॅकेटं गळत असताना! त्याची चूक काही नव्हती, मी त्याला केबल सांगितली होती, म्हणजे खरं तर काहीच सांगितलं नव्हतं. त्या इंटरफेसला "टाइप वायरलेस" लिहिलं, दोन्ही टोकांना, आणि मिनिटभरात खर्च पाचशेच्या वर गेला, ट्रॅफिक दुसरीकडून निघालं, तक्रारी बंद. खांब मी नंतर सावकाश सरळ केला. असे बाहेरचे रेडिओ बरेच असतील तर डीमनला "-डब्ल्यू" देऊन सुरू करायची पण सोय आहे, मग फाइलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर तो सगळ्यांनाच वायरलेस धरतो.

हे सगळं बघायचं कुठे, तर लोकल पोर्ट म्हणून एक सेटिंग आहे, साधारण सगळे ३३१२३ ठेवतात. तिथे जोडून "डंप" टाइप केलं की शेजारी आणि रूट ओळीने येतात. शेजाऱ्याच्या ओळीत "रीच" नावाचा चार अक्षरी हेक्स (सोळाच्या पायातला) आकडा असतो, तो म्हणजे शेवटच्या सोळा हॅलोंची हजेरी, हॅलो चार सेकंदांनी एक, म्हणजे गेल्या मिनिटभराची कुंडलीच. चारही एफ असले की एकही गैरहजर नाही. त्याच्या पुढे आरएक्सकॉस्ट (मला त्याचं कसं ऐकू येतं त्याचा खर्च) आणि टीएक्सकॉस्ट (त्याला माझं), आणि मला आवडलेली गोष्ट ही की आजार कुठल्या बाजूला आहे ते यात उघड दिसतं. शेडमधल्या नोडचा आरएक्सकॉस्ट २५६ आणि टीएक्सकॉस्ट ६५५३५ असं आलं तेव्हा मी आधी बग समजलो. ६५५३५ म्हणजे बेबलचा अनंत. मी त्याचं स्वच्छ ऐकतोय, त्याला माझं काहीच ऐकू येत नाहीये. शेडवाल्याची ट्रान्समिट पॉवर जास्त आणि माझी कमी होती, सारखी केल्यावर दोन्ही आकडे जागेवर आले.

एक मात्र लक्षात असू द्या, हे मोजमाप हॅलो पॅकेटचं आहे आणि हॅलो मल्टिकास्ट (एकदम सगळ्यांना उद्देशून) असतात, वायफाय ते बहुतेक सगळ्यात हळू स्पीडवर पाठवतं. हळू बोललेलं लांबूनही कळतं. त्यामुळे हॅलो झकास आणि डेटा रडतखडत असं होऊ शकतं, ईटीएक्सवर (हरवलेल्या पॅकेटांवरून खर्च काढायच्या पद्धतीवर) चालणाऱ्या सगळ्यांचंच हे दुखणं आहे. ज्याला थेट थ्रूपुट (डेटाचा वेग) बघून रस्ता निवडायचाय त्याने बॅटमॅन या दुसऱ्या मेश प्रोटोकॉलचं पाचवं व्हर्जन बघावं, पण तो लेयर दोनवरचा, म्हणजे आयपीच्या खालच्या थरावरचा, वेगळाच संसार आहे.

तक्रार करायचीच तर गेटवेबद्दल आहे. माझे दोन गेटवे, मॉडेम चालू पण पुढची लाइन मेलेली असं एकदा झालं, तर डिफॉल्ट रूट कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तसाच आणि बेबलडी तो इमानदारीत सगळ्यांना वाटतोय, या, इकडे या, आणि पुढे विहीर. ओएलएसआरडीला यासाठी पिंग करून बघणारं प्लगइन होतं. इथे मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, पिंग फेल गेला की रूट काढून टाकते, रूट गेला की बेबलडी ताबडतोब जाहिरात मागे घेतो. चालतंय, पण हे आतच असायला हवं होतं. दुसरं, दोन्ही गेटवे जवळपास सारख्या अंतरावर असतील आणि आयपीव्ही४ नॅटमागे (सगळ्यांचा बाहेर एकच पत्ता) असेल तर मेट्रिक (रस्त्याचा एकूण खर्च) इकडचं तिकडे झालं की चालू कॉल तुटतो, कारण बाहेरचा पत्ताच बदलला. मी एका गेटवेला १२८ आणि दुसऱ्याला मुद्दाम बराच जास्त मेट्रिक देऊन ते थांबवलं.

आणि वीज. वीज जाऊन आल्यावर नोड उठतो पण रूट यायला तीन मिनिटं. कारण बेबलडी आपला सीक्वेन्स नंबर (आपल्या जाहिरातींचा क्रमांक) एका स्टेट फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि माझ्या राउटरवर ती फाइल रॅममध्ये होती, वीज गेली की फाइल गेली, मग तो तीन मिनिटं गप्प बसतो की जुन्या आठवणी विरू देत. "रँडम आयडी" चालू केलं की वाट बघायला नको, फक्त डंपमध्ये नोड ओळखायचा आयडी दर वेळी नवा. मी चालू केलं. सात नोड आहेत, ओळखतो मी त्यांना.

अजून एक काम राहिलंय. कुणीही रेडिओच्या टप्प्यात येऊन "मीच इंटरनेट" असं जाहीर करू शकतो, त्यासाठी पॅकेटांवर सही करणारी आरएफसी ८९६७ वाली चावी बेबलडीत आहे, फाइलमध्ये की लिहायची आणि इंटरफेसला ती जोडायची. एकदम सगळीकडे करता येत नसेल तर चुकीच्या सह्या काही काळ चालवून घ्यायची पण सेटिंग आहे. सहा नोड झालेत. सातवा त्याच खांबाखाली आहे, शिडी घेऊन जावं लागेल, आणि तो होईपर्यंत ते चालवून घेणं बंद करता येत नाही.