तोहात्सू 6 एचपी फोरस्ट्रोक: मशीन भरवशाचं, रुसतं ते पेट्रोलवर

दहा-बारा फुटी फायबरची होडी खाडीत फिरवायची, गळ टाकायचा, नाहीतर नांगरलेल्या मोठ्या बोटीपर्यंत ये-जा करायची, एवढ्या कामासाठी तोहात्सूचं एमएफएस 6 हे आउटबोर्ड (होडीच्या मागे अडकवायचं इंजिन) पुरून उरतं. एक सिलिंडर, 123 सीसी, पाण्याने थंड होणारं, दोरी ओढून सुरू होणारं, वजन साधारण 26 किलो. याच ब्लॉकवर 4 आणि 5 एचपीची मशीनही निघतात आणि वजनात म्हणावा असा फरक नाही. होडीच्या क्षमतेच्या पाटीवर 6 एचपीची परवानगी असेल तर 4 घेण्यात काही राम नाही.

वेगाची हौस मात्र धरू नका. बारा फुटी होडी, दोन माणसं, पाण्याचा कॅन आणि डबा एवढ्या भारावर ती चार-साडेचार नॉटच्या पुढे फारशी जात नाही. नुसती नाळ (पुढचं टोक) वर उचलते आणि पेट्रोल पिते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ दोन-अडीच नॉट धरली तर परतीला हातात दोनच नॉट उरतात. म्हणून जायचं ओहोटीवर आणि यायचं भरतीवर. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खाडीच्या तोंडाच्या दांड्यावर (वाळूच्या पट्ट्यावर) ओहोटीचं पाणी आणि दुपारचा वायव्येचा वारा समोरासमोर आले की उभ्या लाटा उठतात. तिथे हे मशीन घेऊन जाऊच नये.

आता खरं दुखणं: कार्ब्युरेटर. त्यातला आयडल जेट, म्हणजे मशीन मंद चालताना पेट्रोल सोडणारं भोक, केसासारखा बारीक आहे. पेट्रोल दोन-तीन आठवडे आत राहिलं की त्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो. मग मशीन चोक ओढल्यावर सुरू होतं, चोक सोडला की मरतं, थ्रॉटल वाढवला की ठीक चालतं. अशा वेळी प्लग बदलत बसू नका. जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि तंगुसाच्या (गळाच्या नायलॉन दोऱ्याच्या) बारीक तुकड्याने मोकळा करा. स्टीलची तार घातलीत तर भोक मोठं होऊन मिश्रण कायमचं बिघडेल.

आपल्याकडे हे दुखणं जास्तच चिघळतं, कारण पंपावर आता ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि मशीनच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्के आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकण-गोव्याच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. मर्यादेपेक्षा पाणी साचलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, नेमका जिथून नळी पेट्रोल उचलते तिथे. शिवाय ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरला ई20 वर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) मिळतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळालं तर तेच वापरा. नाही मिळालं तर फेरीच्या आदल्या दिवशी ताजं भरा, नळीत पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर बसवा आणि उरलेलं पेट्रोल परतल्यावर स्कूटरला घाला. घरी आल्यावर नळी काढून मशीन बंद पडेपर्यंत चालवणं पुरेसं नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं उरतंच. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून ते थेंबही काढा.

अंगच्या टाकीत 1.3 लिटर मावतं. पूर्ण थ्रॉटलवर तासाला दोन-अडीच लिटर लागतं, म्हणजे अर्ध्या तासाचा खेळ. बाहेरची 12 लिटरची टाकी जोडा आणि तिचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. पेट्रोलच्या कॉकचा रोख योग्य टाकीकडे आहे ना, तेही बघा. नळीवरचा पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी बल्ब बाणाची दिशा वर ठेवून कडक होईपर्यंत दाबायचा. कितीही दाबून मऊच राहिला तर कनेक्टरच्या ओ-रिंगमधून हवा शिरते आहे. चालताना चपटा झाला तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला आहे. धक्क्यापासून पाच-दहा मिनिटांवर मशीन मरण्याचं हे सगळ्यात फुटकळ आणि सगळ्यात नेहमीचं कारण.

तेलाचं काम सोपं आहे. इंजिनात 450 मिली लागतं. लिटरचा डबा आणून 'थोडं जास्त असू दे' म्हणणाऱ्यांचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) कार्ब्युरेटरमध्ये जातं आणि मशीन निळसर पांढरा धूर ओकतं. गिअरमध्ये 195 मिली. ते खालच्या भोकातून वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलं आहे. पहिल्या 20 तासांनी दोन्ही तेलं बदला, पुढे दर 100 तासांनी. गाडीतून नेताना पुस्तिकेत दाखवलेल्याच कुशीवर आडवं ठेवा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

बसवताना पंख्यावरची (प्रोपेलरवरची) आडवी पट्टी होडीच्या तळाच्या 3 ते 5 सेंटीमीटर खाली यायला हवी. त्याहून वर असेल तर वळताना पंखा हवा खातो. क्लॅम्पचे स्क्रू हाताने घट्ट करून वर सुरक्षादोरीही बांधा; थरथरीने स्क्रू सैल होतात. मशीन सुरू झाल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार लगेच बाहेर दिसली पाहिजे. गाळाच्या खाडीत इम्पेलर (हे पाणी खेचणारं रबरी चाक) लवकर झिजतो, तेव्हा दोन वर्षं वाट न पाहता दर हंगामाला उघडून बघा. फेरीनंतर पिंपातल्या गोड्या पाण्यात, पट्टी बुडेल अशी पातळी ठेवून, दहा मिनिटं चालवा.

किल-कॉर्ड (चालवणाऱ्याला बांधलेली, ओढली की मशीन बंद करणारी दोरी) दर वेळी ओढून तपासा: मशीन मरायलाच हवं. तिच्या टोकाची दुसरी क्लिप होडीत ठेवा, कारण चालवणारा पाण्यात पडला तर पहिली त्याच्याबरोबर जाते आणि मागे राहिलेल्याला मशीन सुरू करता येत नाही. वल्ही, नांगर, निदान 30 मीटर दोर, पाणी उपसायला डबा आणि प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफजॅकेट हे मशीनबरोबर मिळत नाही, पण त्यावाचून निघू नये. फोन पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा 1554 आधीच साठवलेला.

एकंदरीत मशीन घेण्यासारखं आहे. मात्र रोज न वापरणाऱ्याला कार्ब्युरेटरचं पथ्य पाळावंच लागेल. साध्या मॉडेलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही, तेव्हा रात्रीच्या दिव्यांची सोय वेगळी करावी लागते. विकत घेतानाच दुकानदाराकडून डीसीपीआर6ई प्लग दोन, इम्पेलर किट, पंख्याच्या स्टीलच्या कॉटर पिना आणि गिअर-स्क्रूचे वॉशर मागून घ्या. वॉशर दर वेळी नवेच लागतात आणि ऐन हंगामात नेमके तेच मिळत नाहीत.