उन्हाळी संगीत कार्यशाळा : पुस्तिकेतले यश आणि खोलीतला तंबोरा

विद्यापीठांच्या संगीत विभागांच्या माहितीपुस्तिका बहुधा एकाच साच्यातून काढलेल्या असतात. युवा महोत्सवात मिळालेली पदके, नेट-सेट उत्तीर्ण झालेल्यांची नावे, आकाशवाणीच्या श्रवणचाचणीत ‘बी हाय’ श्रेणी मिळवलेले माजी विद्यार्थी, वर्षभरात पूर्ण झालेले पीएचडीचे प्रबंध आणि मलपृष्ठावर सगळ्यांचे एक सामूहिक छायाचित्र. ज्या विभागाच्या तीन आठवड्यांच्या उन्हाळी कार्यशाळेविषयी हा अभिप्राय लिहीत आहे, त्याची पुस्तिकाही याला अपवाद नव्हती. तिच्यातली यशाची सहा पाने मी चाळली आणि सातव्या पानावरच्या एका ओळीपाशी थांबले : ‘पहिला आठवडा – तंबोरा लावणे’. गायन शिकवणारे वर्ग ठिकठिकाणी आहेत, परंतु केवळ तंबोरा लावण्यासाठी सहा दिवस राखून ठेवणारा वर्ग माझ्या पाहण्यात नव्हता, आणि तेवढ्या एका ओळीवर मी प्रवेश घेतला.

परीक्षा संपून नियमित विद्यार्थी सुट्टीवर गेले की विभागाच्या खोल्या आणि वाद्ये मोकळी होतात. त्या काळात बाहेरच्या इच्छुकांना, वयाची अट न घालता, माफक शुल्कात शिकता यावे अशी ही योजना आहे. मी शाळेत असताना पाच-सहा वर्षे गाणे शिकले, पुढे सोडले आणि अलीकडे मोबाइलमधला तंबोरा लावून रियाज पुन्हा सुरू केला, अशा वर्गातली आहे. आमच्या तुकडीतले निम्मेअधिक लोक थोड्याफार फरकाने याच वाटेने आलेले होते.

पहिल्या दिवशी गुरुजींनी सर्वांचे मोबाइल एका खणात ठेवायला लावले, खोलीतले पंखे बंद केले आणि चौघांत एक असे तंबोरे वाटले. मे महिन्यात पंखे बंद करण्याच्या आज्ञेबद्दल कुरकूर झालीच, पण तिचे कारण दुसऱ्या दिवशी आपोआप कळले. पंख्याची घरघर कानांना सवयीने ऐकू येत नाही, मात्र दोन जोडीच्या तारा एकमेकींच्या अगदी जवळ आल्यावर त्यांच्यातून जी मंद लाट उठते आणि जी हळूहळू लांबत जाऊन शेवटी नाहीशी व्हायला हवी, ती लाट त्या घरघरीत बुडून जाते. ही लाट ऐकू येणे हाच तंबोरा लावण्याचा पहिला धडा होता. खुंटी पिळून तार साधारण जागेवर आणायची, मग घोडीच्या खाली असलेला मणी केसभर सरकवायचा आणि लाट थांबली की हात काढून घ्यायचा. सांगायला दोन वाक्ये पुरतात, करायला मला साडेतीन दिवस लागले.

याच्या जोडीला जवारी, म्हणजे तारेला येणारा झंकार, साधायची होती. घोडीच्या पसरट पाठीवर तार ज्या ठिकाणी टेकते, तेथे तिच्याखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो इकडे-तिकडे सरकवताना एका नेमक्या जागी तार एकाएकी ‘बोलू’ लागते आणि तिच्यातून एकाऐवजी अनेक स्वर उलगडत बाहेर पडतात. गुरुजी याविषयी फारसे बोलत नसत. आमच्यापैकी एकाला दोरा सरकवायला लावून बाकीच्यांना डोळे मिटून बसायला सांगत आणि तार बोलली असे ज्याला वाटेल त्याने हात वर करावा, एवढाच नियम होता. पहिल्या दिवशी हात वेगवेगळ्या वेळी वर जात. चौथ्या दिवशी बहुतेक हात एकदम वर गेले. या विभागात शिकवणे म्हणजे काय असते, हे मला त्या एकाच वेळी वर गेलेल्या हातांवरून समजले. पुस्तिकेतल्या पदकांवरून ते समजले नसते.

पाचव्या दिवशी स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ‘ग’, ऐकायचा होता. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण खरे सांगायचे तर तो काहीसा श्रद्धेचा विषय आहे अशीच माझी समजूत होती. तंबोऱ्यात पंचम (प), जोडीचे दोन षड्ज (सा) आणि खर्ज (खालचा सा) एवढ्याच तारा, गंधाराची तार कुठेच नाही, आणि तरीही नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार निनादतो. त्याचे कारण असे की खर्जाच्या तारेत मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा जो अंश असतो, तो नेमका दोन सप्तके वरचा गंधार असतो. तंबोरा किंचित बेसूर असेल तर तो गोंधळात लपतो, लागलेला असेल तर समोर येऊन उभा राहतो. आमच्या खोलीत तो आला तेव्हा एक निवृत्त गृहस्थ चटकन मागे वळून पाहू लागले, कारण त्यांना दारातून कोणीतरी गुणगुणत आत येत आहे असे वाटले होते.

दुसऱ्या आठवड्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम, आली आणि हा गंधार अडचणीत आला. समान अंतराने विभागलेल्या सप्तकात, म्हणजे 1200 सेंटांच्या मोजणीत (सेंट हे स्वरांमधले अंतर मोजण्याचे एकक), पेटीचा शुद्ध गंधार 400 सेंटांवर असतो, तर तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार सुमारे 386 वर. पंचमाच्या बाबतीत हा फरक 700 आणि 702 असा नगण्य आहे; गंधाराच्या बाबतीत तो सरावलेल्या कानाला बोचतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर घातलेली आणि 1971 पर्यंत टिकलेली बंदी ही केवळ जुन्या लोकांची हेकेखोरी होती असे मी मानत असे. लागलेल्या तंबोऱ्याशेजारी पेटीचा गंधार लांबवून धरल्यावर त्या बंदीमागचा सांगीतिक आक्षेप तरी कळला. बंदी योग्य होती असे मात्र अजूनही वाटत नाही. पेटी शिकवणाऱ्या बाईंनी हा पेच टाळला नाही. गायक गंधारावर ठेहराव घेत असेल तेव्हा पेटीने त्या स्वरावरून बोट उचलावे किंवा भात्याचा दाब कमी करावा, आणि गायक पुढे सरकला की पुन्हा साथीला यावे, हे त्यांनी वाजवून दाखवले. साथ म्हणजे काय वाजवू नये हे ठरवणे, असे त्या म्हणाल्या आणि लगेच पुढच्या अलंकाराकडे वळल्या.

याच आठवड्यात पदार्थविज्ञान विभागातल्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान ठेवले होते. अशा व्याख्यानांना लोक जांभया देतात. येथे वेळ संपल्यावरही कोणी उठले नाही. चंद्रशेखर वेंकट रामन कलकत्ता विद्यापीठात असताना त्यांनी 1920 आणि 1921 साली भारतीय वाद्यांवर केलेल्या संशोधनापासून प्राध्यापकांनी सुरुवात केली. ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, एकमेकांशी सुसंगत नसतात, म्हणून बहुतेक ढोलांना स्पष्ट सूर नसतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाईचा थर दिल्यामुळे ते उपस्वर सरळ पटीत येतात आणि वाद्य सुरात बोलते, हे रामन यांनी दाखवले. तंबोऱ्याच्या बाबतीतला मुद्दा आणखी गमतीचा होता. तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निष्कंप बिंदू येतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्याची घोडी वक्र व पसरट असल्यामुळे आणि तार तिला घासत कंप पावत असल्यामुळे ते ऐकू येतात. पहिल्या आठवड्यात बोटांनी जे शोधले होते त्याचे कारण दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर आले, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. उलट क्रमाने शिकवले असते तर आम्ही कारण पाठ केले असते आणि दोरा कोणीच सरकवला नसता.

उन्हाळा हा या व्याख्यानाचा जणू दुसरा वक्ता होता. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो, त्यामुळे बासरी चढते. पोलादी तार तापून लांबते आणि उतरते. तबल्याची पुडी कोरड्या हवेत आवळते व चढते, आणि पहिल्या पावसात नेमकी उलट वागते. सकाळी सात वाजता एकमेकांशी जुळलेली वाद्ये अकराच्या सुमारास अशी तीन दिशांना गेलेली असत. तबल्याच्या वर्गातली हातोडीची ठकठक का थांबत नाही, याची तक्रार त्यानंतर कोणी केली नाही.

स्वरलिपीचे वर्ग झाले तेवढे पुरेसे झाले. स्वरावरचे टिंब भातखंडे पद्धतीत तार (वरचे) सप्तक दाखवते आणि पलुस्कर पद्धतीत मंद्र (खालचे), एवढी एक गोष्ट ज्याला आधी माहीत नसेल त्याने जुनी वही उघडताना सावध राहावे. बाकी भाग पुस्तक वाचूनही समजण्यासारखा होता आणि त्यासाठी दिलेले चार दिवस दोनात आटोपता आले असते.

तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार वेळापत्रकात नव्हती. शिकवणाऱ्यांपैकी एक जण आजारी पडल्यामुळे आम्हाला विभागाच्या ध्वनिसंग्रहात नेऊन बसवण्यात आले, आणि तीन आठवड्यांतली सर्वांत मोलाची दुपार ती ठरली. तेथे एम.ए.चे दोन विद्यार्थी सुट्टीत घरी न जाता जुन्या स्पूल टेपांचे डिजिटायझेशन करत होते. काही टेपांवरचा चिकट थर सुटू लागलेला असतो. त्या वाजवण्यापूर्वी सुमारे 50 अंशांवर काही तास मंद तापवून घ्याव्या लागतात. ज्या टेपांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्या ॲसिटेटच्या असतात आणि त्यांना हा उपाय चालत नाही. टेप मूळच्या यंत्रावर किंचित कमीजास्त गतीने चालली असेल तर गायकाची पट्टीच बदलते, आणि मग अमुक कलावंत काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गात होते की काळी दोनमध्ये, असे वाद निर्माण होतात. यावर त्या मुलांनी वापरलेली युक्ती अशी की ध्वनिमुद्रणात वीजप्रवाहाची जी बारीक गुंजन उतरलेली असते ती 50 हर्ट्झची असायला हवी. ती मोजायची आणि तिच्यावरून टेपची गती दुरुस्त करायची. ज्या घरघरीला आजवर आम्ही दोष मानत आलो, तिच्यावरूनच मूळ पट्टी सापडत होती. या कामाचा पुस्तिकेत एका शब्दानेही उल्लेख नाही. विचारले तेव्हा त्यांच्यापैकी एकीने सांगितले की हे काम प्रकल्प, पदक किंवा प्रबंध यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. पुढच्या पुस्तिकेत विभागाने एक रकाना वाढवावा, अशी माझी पहिली सूचना आहे.

दुसरी सूचना तक्रारीच्या स्वरूपाची आहे. तुकडीत स्त्रिया जास्त असताना काळी चार आणि काळी पाचला नीट लागणारे तंबोरे फक्त दोन होते. पुरुषांच्या पट्टीच्या मोठ्या तंबोऱ्याच्या तारा तेवढ्या ताणायच्या म्हणजे तुटण्याची वाट पाहायची, आणि पहिल्या तीन दिवसांत दोन तुटल्याही. प्रवेशअर्जात पट्टीचा रकाना आहे. तो भरून घेतला जातो, मात्र वाचला जात नसावा. तबल्याच्या तुकडीत एका शिक्षकामागे बावीस जण होते आणि तेथे कायदा (तबल्यावरची एक रचना) हाताने नव्हे, टाळी देऊन शिकला गेला, असे त्या तुकडीतल्या एका मुलाने सांगितले. कार्यालयात पावतीसाठी मला तीनदा जावे लागले आणि तिन्ही वेळा वेगळी खिडकी दाखवण्यात आली.

समारोपाची मैफल मुख्य सभागृहात ठेवली, ही माझ्या मते चूकच झाली. ते सभागृह भाषणे आणि पदवीदान यांसाठी बांधलेले आहे. दुपारी तालमीच्या वेळी रिकाम्या खुर्च्यांमध्ये आवाज भरपूर घुमला म्हणून सर्वजण खूश झाले. संध्याकाळी माणसे बसली, त्यांच्या कपड्यांनी तो घुमारा शोषून घेतला, आणि ध्वनिवर्धक सांभाळणाऱ्याने भरपाई म्हणून कृत्रिम प्रतिध्वनी वाढवला. पहिल्या आठवड्यात आम्हाला ज्या गंधारासाठी पंखे बंद करून बसवले होते, तो त्या संध्याकाळी व्यासपीठावर बसलेल्यांनाही ऐकू आला नसेल. विभागाच्या तळमजल्यावरची लाकडी फरशीची खोली, साठ-सत्तर श्रोते आणि ध्वनिवर्धकाशिवाय गाणे, एवढ्यावर काम भागले असते. मान्यवरांची भाषणे तेथे मावली नसती, ही गोष्ट खरी.

एवढे असूनही मी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नाव नोंदवणार आहे. नवीन बंदिशी गोळा करायच्या असतील त्यांनी येथे येऊ नये. तीन आठवड्यांत आम्हाला दोनच मिळाल्या. ज्यांना घरी तंबोरा असूनही तो भिंतीशी उभा ठेवावा लागतो, त्यांनी अवश्य यावे. सकाळची तुकडी मागून घ्यावी, अर्जातल्या पट्टीविषयी कार्यालयात तोंडी सांगावे आणि ध्वनिसंग्रहाची दुपार वेळापत्रकात नसली तरी विनंती करून पदरात पाडून घ्यावी. तिसऱ्या क्रमांकाच्या खोलीतला काळ्या भोपळ्याचा तंबोरा वाट्याला आला तर त्याची खर्जाची खुंटी सरकते. खिडकीच्या कट्ट्यावर खडू ठेवलेला असतो, तो खुंटीला घासून घेतला की दोन तास काम चालते.